हिरवी पाचर

ग्रिम्सबीच्या इस्पितळात रात्रपाळीला
मी हाडांचे फोटो काढते.
दारावरच्या पाटीत रेडिओ आहे,
माझ्या हुद्द्यात आहे, गळ्यातल्या बिल्ल्यावर आहे,
आणि मिरजेत आईला अजून वाटतं
लेक तिकडे बातम्या देते.

आज आले वॉल्टर ऑझर्बी, वय एक्याऐंशी.
मासळीच्या धक्क्यावर सांडलेल्या बर्फावरून घसरले,
मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकलेलं.
‘रेडियस असेल,’ मी म्हटलं, ‘हे अंगठ्याकडचं हाड.’
ते हसले, दुखत असताना जेवढं हसता येतं तेवढं.
‘बावीस वर्षं ट्रॉलरवर रेडिओवाला होतो.
मोडलं तेही नातेवाईकच म्हणायचं.’
त्यांचे वडील मरेपर्यंत वायरलेस म्हणत.
रेडिओ हा अमेरिकनांचा शब्द, म्हणत,
आणि शेंगदाण्याचं लोणीही.

मुळात शब्द एवढाच: चाकाचा आरा.
तुंब्यातून निघून धावेपर्यंत जाणारा.
कोणी किरणाला चिकटवला, कोणी हाडाला,
कोणी फडताळावरच्या लाकडी खोक्याला.
आमच्याकडे तो लावतात,
दिवा लावतात, रोप लावतात,
कान लावतात, जीव लावतात, तसाच.
बाबा लावायचे पावणेसातला,
बातम्यांच्या आधी गरम व्हायला पाहिजे म्हणून.
पोस्टात रांग लावून त्याचं लायसन भरायचे.
मी शाळेतून आले की बोलत सुटायची,
चपला काढताना, भाकरी खाताना, न्हाणीतूनसुद्धा.
‘आला,’ म्हणायचे, ‘बिनलायसनचा रेडिओ आला.’

हे सगळं मी वॉल्टरना सांगत होते,
हात पाटीवर नीट ठेवता ठेवता,
तेवढ्यात त्यांनी धडका हात वर केला.
थांब.
भिंतीवर तीन वाजले होते.

मला वाटलं कळ आली.
पण ते कुठेतरी ऐकत होते,
मान थोडी कलती, डोळे उघडे.
यंत्राचा पंखा फिरत होता.
पलीकडे कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली.
मी गप्प राहिले. मला ते जमत नाही.

मग म्हणाले, ‘माफ कर. सवय.’
रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर
दोन हिरव्या पाचरी रंगवलेल्या असत.
तास भरला की तीन मिनिटं,
अर्धा तास झाला की तीन मिनिटं,
समुद्रावर कोणी बोलायचं नाही.
मासळीचा भाव नाही, शिव्या नाहीत,
घरी मुलगा झाल्याचा निरोपही थांबायचा.
कुठे कोणी बुडत असेल, बॅटरी उतरलेली असेल,
तर तो बारीक आवाज
आपल्या गप्पांखाली जाऊ नये म्हणून.

‘आला कधी?’
‘दोनदा.’
फोटो काढून झाला, मी पाटी उचलली,
तेव्हा म्हणाले, ‘एकदा नाही.’

पडद्यावर हाड उगवलं,
चाकातून निखळलेल्या आऱ्यासारखं.
मी डावं-उजवं लिहिलं, पुढे पाठवलं.

रविवारी साडेदहाला आईला फोन लावला.
नेहमी मीच बोलते: इथली थंडी, वीजबिल,
मिळणारी आणि न मिळणारी मेथी,
आणि तिचं हूं, हूं, बरं, ठेवू का.
या वेळी कशी आहेस विचारलं, आणि थांबले.
पहिल्या मिनिटात नुसती खरखर.
मग गल्लीतला कानशीचा आवाज आला,
कोणीतरी तंबोऱ्याचा भोपळा घासत होतं.
‘हॅलो? गेला का गं आवाज?’
‘आहे. बोल.’
एक भांडं सरकलं. नाक ओढल्यासारखं काही.
‘काल तो रेडिओ मोडीत दिला,’ आई म्हणाली.
‘दिला, आणि मग त्या भंगारवाल्याच्या मागे
कोपऱ्यापर्यंत पळत गेले. या वयात.’

मी काही बोलले नाही.
पाचर संपायला
अजून अर्धं मिनिट होतं.